जुळ्या बहिणींचा ईईजी आणि आजीचा प्रश्न

रेघोटी, शनिवार रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. गेली १९ वर्षं मी ईईजी काढते. पेशंट ज्याला 'डोक्याचा ग्राफ' म्हणतात, तोच. मागच्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

बारा-तेरा वर्षांच्या जुळ्या बहिणी आल्या होत्या. एकीला शाळेत प्रार्थनेच्या वेळी आकडी आली होती. सोबत आई, आजी आणि दुसरी बहीण. दोघी इतक्या सारख्या की मी कानातल्यांच्या रंगावरून लक्षात ठेवलं, लाल खड्याची ती आजारी. डॉक्टरांनी आईची परवानगी घेऊन दोघींचाही ग्राफ काढायला सांगितला.

आधी लाल खड्याची. फितीनं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग या कानापासून त्या कानापर्यंत. पेन्सिलीनं खुणा केल्या, पेस्ट लावून २१ इलेक्ट्रोड बसवले. "डोळे मिट बाळ" म्हटलं की डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघांवर अल्फा लहरी उमटतात, सेकंदाला ८ ते १३. "उघड" म्हटलं की मावळतात. हिच्या सेकंदाला साधारण साडेदहा होत्या, उजवीकडे किंचित उंच, आणि अधूनमधून फुगून पुन्हा बारीक होणाऱ्या.

मग दुसरीचा काढला. संध्याकाळी दोन्ही ट्रेस शेजारी शेजारी उघडले तेव्हा मला वाटलं चुकून एकच फाईल दोनदा उघडली. नाव पाहिलं, वेळ पाहिली. दोन वेगळ्या मुली होत्या. तोच वेग, तोच उजवीकडचा उंचपणा, फुगण्या-ओसरण्याची तीच लय. फरक एकाच जागी होता. लाल खड्याच्या मुलीच्या डाव्या कानशिलाजवळच्या रेघांत संथ लाटा आणि मधूनच टोकदार काटे दिसत होते. बहिणीच्या तिथे काही नव्हतं.

ग्राफ संपल्यावर डोक्याची पेस्ट पुसत होते तेव्हा आजीनं विचारलं होतं, "ह्ये कुणाच्या अंगानं आलं म्हनायचं, बाई?" सून खाली मान घालून उभी होती. हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकलाय याची गणती नाही. आणि तो बहुतेक वेळा एकाच दिशेनं, सुनेकडे बघूनच विचारला जातो. ग्राफ वाचणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण एवढ्या वर्षांत या विषयावर जे वाचलं ते इथे मांडावंसं वाटतंय.

माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली जर्मनीत येना इथल्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. छापायला पाच वर्षं लावली, १९२९. त्यातले बरेच ट्रेस त्यांनी स्वतःच्या मुलाचे, क्लाउसचे काढले होते. कवटीवर पोचणारी ही वीज व्होल्टच्या काही लाखाव्या भागाएवढी असते, त्यामुळे सुरुवातीला बर्गरांवर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच पाहिलं, तेव्हा जगानं मानलं. लगेच पुढचा प्रश्न आला, की प्रत्येकाचा ग्राफ वेगळा का? १९३६ मध्ये अमेरिकेत डेव्हिस दांपत्यानं जुळ्यांचे ग्राफ काढले. १९४५ मध्ये लेनॉक्स आणि गिब्ज दांपत्यानं ७४ निरोगी जुळ्या जोड्यांचे ग्राफ तपासले आणि लेखाच्या शीर्षकातच लहरींची ठेवण हा आनुवंशिक गुण असल्याचं म्हटलं. जर्मनीत फ्रिडरिश फोगेल यांनी तर आयुष्याचा मोठा भाग या एका प्रश्नाला दिला.

आकडेही आहेत. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या १६ वर्षांच्या २१३ जुळ्या जोड्यांचा अभ्यास छापून आला. लहरींना त्यांच्या वेगावरून नावं आहेत, सगळ्यांत संथ डेल्टा, मग थीटा, अल्फा आणि वेगवान बीटा. या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा डेल्टा लहरींत ७६, थीटामध्ये ८९, अल्फामध्ये ८९ आणि बीटामध्ये ८६ टक्के निघाला. माणसाच्या वागण्या-बुद्धीशी जोडलेल्या फारच थोड्या गोष्टींत इतका मोठा आकडा मिळतो. २००८ मध्ये इटलीत झोपेतल्या ग्राफचा अभ्यास झाला. गाढ झोपेतल्या ८ ते १६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ ते १६ लहरींच्या पट्ट्यात हा वाटा ९६ टक्के निघाला, आणि जागरण करवूनही तो बदलला नाही. बोटांच्या ठशासारखी ही झोपेची खूण असते असं ते संशोधक म्हणतात.

म्हणजे लहरी वारशानं येतात हे खरं. पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच. आपल्याला काय वाटतं, काय अनुभव आहेत, जरूर लिहा.

कातळशिल्प, शनिवार रात्री ११:०२

फार सुंदर लिहिलंय ताई. मी इंजिनियर आहे, माझी गाडी एका ठिकाणी अडली. ८९ टक्के आनुवंशिक म्हणजे माझ्या अल्फा लहरी ८९ टक्के आई-वडिलांमुळे आणि ११ टक्के माझ्यामुळे, असंच ना?

मोगरा७२, शनिवार रात्री ११:२०

रेघोटीताई, 'सून खाली मान घालून उभी होती' इथे थांबले. मी उभी राहिलेय तशी. उद्या सविस्तर लिहिते.

रेघोटी, रविवार सकाळी ७:४०

कातळशिल्प, नाही. सगळेच इथे घसरतात, मीही घसरले होते. आंब्याचं उदाहरण देते, आमचं आजोळ देवगडकडचं.

एकाच हापूसच्या झाडावरून १०० कलमं बांधली आणि लावली. सगळ्यांचे जीन एकच. मग फळात जो काही फरक पडेल तो कातळ, पाणी, वारा, खत यांचाच. त्या बागेत गोडीच्या फरकाची आनुवंशिकता शून्य. आता दुसरी बाग घ्या. एकसारखी माती, एकसारखं पाणी, आणि रायवळ आंब्याच्या १०० वेगवेगळ्या कोयी. इथे फरक पडेल तो जवळजवळ सगळा कोयीचा. या बागेत आनुवंशिकता खूप जास्त. आंब्याची गोडी दोन्हीकडे जीन आणि माती मिळूनच बनते. बदलला तो बागेचा आकडा.

म्हणजे ८९ टक्के हा माणसांच्या त्या गटातल्या फरकाचा हिशोब आहे. डच मुलं, सगळी १६ वर्षांची, साधारण सारखं खाणं, सारखी शाळा. तुमच्या एकट्याच्या डोक्यातल्या लहरीचे असे ८९ आणि ११ वाटे कुणीच करू शकत नाही.

हिशोब जुळ्यांवरून कसा करतात तेही सांगते. एकबीज जुळी, म्हणजे एकाच फलित बीजातून झालेली, यांचे जीन सारखे. द्विबीज जुळी म्हणजे एकाच वेळी वाढलेली साधी भावंडं, त्यांच्यात सरासरी निम्मे. समजा एकबीज जोड्यांत साम्य ०.९ आणि द्विबीज जोड्यांत ०.४५ आलं, तर फरकाची दुप्पट, ०.९, ही ढोबळ आनुवंशिकता. द्विबीजांतही साम्य ०.९ च आलं असतं तर म्हटलं असतं की हे घराचं, खाण्यापिण्याचं देणं आहे.

पवनचक्की, रविवार दुपारी १:१०

मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहते. तुम्ही लिहिलेला अभ्यास ज्या गटाचा आहे, त्यांची जुळ्यांची नोंदवही १९८७ पासून ॲमस्टरडॅममध्ये चालू आहे. आमच्या शेजारणीची जुळी मुलं त्यात आहेत. ठराविक वयाला घरी प्रश्नावली येते, झोप, अभ्यास, भांडणं, सगळं विचारतात. ती बाई मला म्हणाली, "माझ्या मुलांचा एक कागद कुणाच्या तरी आजारात उपयोगी पडेल म्हणून भरते." फुकट, वर्षानुवर्षं. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या २१३ जोड्यांच्या मागे अशी २१३ घरं आहेत.

मज्जातंतू, रविवार दुपारी ३:२५

छान धागा. मी मेंदूविज्ञानात संशोधन करते. एक शंका मुद्दाम काढते, कारण ती काढायलाच हवी. कवटीवर मोजलेली लहर किती उंच दिसते हे कवटीच्या जाडीवरही ठरतं, आणि हाडाची जाडी वारशानं येते. मग जुळ्यांचे ग्राफ सारखे दिसतात ते मेंदूमुळे की हाडामुळे?

रेघोटी, रविवार दुपारी ४:००

अगदी बरोबर. उंचीच्या बाबतीत हाडाचा वाटा असणारच. पण हाड लहरीची उंची कमी करतं, तिचा वेग बदलू शकत नाही. कवटी जाड झाली म्हणून सेकंदाला १० लहरींच्या ९ होत नाहीत. आणि अल्फाचा वेगही जुळ्यांमध्ये तितकाच जुळतो. माझ्या त्या दोन मुलींमध्ये मला थक्क केलं ते वेगानंच. दोघींचा साडेदहा, आणि फुगण्याची लयही एक.

मज्जातंतू, रविवार संध्याकाळी ६:१५

पटलं. आता माझ्या बाजूचं, म्हणजे जोडण्यांबद्दल लिहिते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि प्रथिनं बनवणारे जीन जेमतेम २०,००० च्या आसपास. 'ही पेशी त्या पेशीला जोड' अशी यादी जीनमध्ये मावणंच शक्य नाही. जीन देतात ते नियम. वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला जणू नाक असतं, ते वास घेत पुढे सरकतं. इथे वळ, ही रेषा ओलांड, ओलांडलीस की परत फिरू नकोस.

याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. काही घराण्यांमध्ये माणूस उजव्या हातानं शर्टाचं बटण लावायला लागला की डावा हातही हवेत तेच बटण लावतो. आपोआप, लहानपणापासून, थांबवता येत नाही. आपल्या सगळ्यांमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूकडून हाताकडे जाणारे बहुतेक तंतू मज्जारज्जूत शिरण्याआधी बाजू बदलून उजवीकडे जातात. हे रस्ते आखताना नेट्रिन नावाच्या रेणूचा माग काढावा लागतो आणि तो ओळखणारं नाक डीसीसी या जीनपासून बनतं. २०१० मध्ये सापडलं की या घराण्यांत डीसीसीची एक प्रत बिघडलेली असते. काही तंतू ओलांडतच नाहीत, आणि एक हुकूम दोन्ही हातांना पोचतो. एका जीनमुळे मेंदूची जोडणी कशी बदलते याचं इतकं उघड उदाहरण दुसरं नाही. आणि हेही पाहा, त्याच घरात तोच बदल असलेले काही जण असतात ज्यांचे हात अगदी नेहमीसारखे चालतात. तोच जीन, तेच घर.

एरवीच्या निरोगी मेंदूतल्या जोडण्यांचं काय? २०१० मध्येच टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या २९ घराण्यांतल्या ३३३ जणांना एमआरआय यंत्रात नुसतं निवांत पडून राहायला सांगितलं. आपण काहीच करत नसताना मेंदूचे जे भाग एका तालात चालतात, त्यांच्या आपसातल्या जोडणीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४२ टक्के निघाला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या ८,४२८ जणांच्या स्कॅनवर मोठं काम झालं. मेंदूची रचना, म्हणजे भागांचे आकार, पांढऱ्या तंतूंचे जुडगे, यांत जीनचा वाटा चांगला दिसला. पण दोन भाग एकाच वेळी किती चमकतात, या मापात तो सगळ्यांत कमी होता. मला हे स्वाभाविक वाटतं. रस्ता जीन आखून देतात, त्यावरची वाहतूक त्या दिवशी काय चाललंय त्यावर ठरते. शिवाय वाहतूक मोजण्यात चुकाही जास्त.

कातळशिल्प, रविवार रात्री ८:३०

मग लहरींचा आकडा इतका मोठा आणि जोडण्यांचा कमी, असं का?

मज्जातंतू, रविवार रात्री ९:०५

माझं मत सांगते. अल्फाचा वेग ठरतो थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या खोल मधोमध असलेला भाग, आणि मेंदूचं बाह्य पटल यांच्यात संदेशांच्या ज्या फेऱ्या होतात त्यांवर. त्या फेरीचा वेग पेशीतल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमच्या दारांवर आणि पेशीला रोखणारे रेणू जिथे येऊन चिकटतात त्या ग्राहकांवर (रिसेप्टर). ही दारं म्हणजे थेट प्रथिनं, थेट जीनचं उत्पादन. जीनपासून लहरीपर्यंतचं अंतर त्या मानानं कमी आहे. शिवाय डोळे मिटून पाच मिनिटं मोजलेली अल्फा आज आणि वर्षानं जवळपास तीच असते. जे माप स्वतःच स्थिर, त्यातला वारसा स्वच्छ दिसतो.

एक गंमतशीर जीन सांगते, एडीए. हा अ‍ॅडेनोसिन तोडतो, आणि अ‍ॅडेनोसिन दिवसभर साचत जातं तसतशी आपल्याला झोप येते. झ्युरिकच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की या जीनचा एक प्रकार असलेल्यांत तो हळू तुटतो, त्यांच्या गाढ झोपेतल्या डेल्टा लहरी जास्त जोरकस असतात. घरात एखाद्याला गाढ झोप लागते आणि दुसरा कुशी बदलत राहतो, त्यामागे निदान काही अंशी हेही असू शकतं.

आबा_भुदरगड, रविवार रात्री १०:४०

मी फारसं लिहीत नाही. पण विचारतो. माझे वडील दारूनं गेले, चुलतेही. माझं वय ५८, मी थेंबही घेतलेला नाही. मुलगा २४ चा आहे. कुठेतरी वाचलं होतं की दारुड्याच्या मुलांच्या मेंदूच्या ग्राफमध्ये ते आधीच दिसतं. खरं आहे का?

मज्जातंतू, सोमवार सकाळी ९:३०

आबा, तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री बेग्लायटर यांच्या गटानं लहान मुलांवर प्रयोग केला. वडील दारूच्या आहारी, मुलांनी अजून दारू चाखलेली नाही. अचानक वेगळं चित्र दिसलं की मेंदूत सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक लहर उठते, तिला पी३०० म्हणतात. या मुलांत ती इतर मुलांपेक्षा बुटकी होती. पुढे १९८९ पासून अमेरिकेत दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता शोधणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. २००२ मध्ये त्यात दिसलं की बीटा लहरींचा जोर चौथ्या गुणसूत्रावरच्या गाबा ग्राहकांच्या जीनशी जोडलेला आहे. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. दोनच वर्षांनी त्याच भागातला जीएबीआरए२ हा जीन व्यसनाशीही जोडला गेला.

पण हे फरक गटाच्या सरासरीतले आहेत. व्यसनी बापाच्या कितीतरी मुलांची ही लहर उंच असते आणि निर्व्यसनी बापाच्या कितीतरी मुलांची बुटकी. एकट्या माणसाचा ग्राफ पाहून 'हा पिणार' असं कुणीही सांगू शकत नाही. जीन फार तर कल देतात. तुम्ही ५८ वर्षं घरात बाटली येऊ दिली नाहीत, ते तुमच्या मुलाच्या बाजूनं जमा आहे. त्याला घराण्याचा इतिहास मोकळेपणानं सांगा. त्याला कळलेलं बरं.

आबा_भुदरगड, सोमवार सकाळी १०:१०

सांगतो. आजवर कधी बोललो नव्हतो त्याच्याशी या विषयावर. आभार.

दवबिंदू, सोमवार दुपारी २:००

मी लहान मुलांच्या फिट्सच्या आजारांचा डॉक्टर आहे. 'कुणाच्या अंगानं' या प्रश्नाला एक थेट उत्तर देतो.

ड्राव्हे सिंड्रोम नावाचा एक गंभीर अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, आहे. पहिल्याच वर्षात, बहुतेकदा तापात किंवा लस दिल्यानंतरच्या तापात, लांबलेली फिट येते. आयांना वाटतं आपल्या हातून काहीतरी चुकलं. २००१ मध्ये कळलं की बहुतेक मुलांत एससीएन१ए या जीनमध्ये बदल असतो. म्हणजे आजार जीनचा. पण बहुसंख्य मुलांमध्ये तो बदल आईतही नसतो आणि बापातही नसतो. तो त्या बाळात नव्यानं झालेला असतो. जीनचा आजार आणि घराण्यात चालत आलेला आजार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी ओपीडीत आठवड्याला एकदा तरी म्हणतो, आणि म्हटल्यावर आईचे खांदे खाली आलेले दिसतात.

जीन कळण्याचा उपयोगही आहे. हा जीन सोडियमच्या दाराचा, आणि ते दार मुख्यतः मेंदूला आवरणाऱ्या पेशींमध्ये कामाला असतं. आवरणाऱ्याच दुबळ्या झाल्या म्हणून फिट येते. अशा मुलाला सोडियमचं दार बंद करणारं औषध, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, दिलं तर फिट्स वाढू शकतात. दुसऱ्या मुलाला जे औषध तारतं तेच याला मारक. पण कृपा करून हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं औषध बंद करू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारा.

कर्नाटकातल्यांसाठी अजून एक. दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून कढत पाणी ओतून घेताना फिट येण्याचा प्रकार बराच आढळतो. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदूच्या आजारांच्या संस्थेतल्या आणि जवाहरलाल नेहरू केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अशा घराण्यांचा अभ्यास केला, दहाव्या आणि चौथ्या गुणसूत्रावर त्याच्या जागा सापडल्या. वारसा आहे, पण पाणी कोमट केलं आणि डोक्यावरून न घेता अंगावर घेतलं तर अनेकांची फिट येतच नाही.

चैत्रपालवी, सोमवार दुपारी ४:४५

आमच्या इथे एका शिबिरात मुलांचं 'ब्रेन मॅपिंग' आणि बोटांच्या ठशांवरून जन्मजात बुद्धी सांगतात. फी बरीच आहे. वर तुम्ही म्हणताय ग्राफ आनुवंशिक असतो, मग त्यात काही अर्थ असेल का?

रेघोटी, सोमवार संध्याकाळी ७:१०

चैत्रपालवीताई, पैसे भरू नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा करिअर सांगण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. आणि खऱ्या ईईजीवरूनही तुमचं मूल डॉक्टर होईल की चित्रकार हे कळत नाही. हजारो माणसांचे ग्राफ एकत्र केले तेव्हा कुठे एकेका जीनचा धागा पुसट दिसायला लागला. तुमच्या लेकराच्या एका ग्राफमध्ये त्याचं भविष्य शोधणारा माणूस तुम्हाला फसवतोय. मला याचा राग येतो, कारण तीच टोपी, तीच रेघ दाखवून ते लोकांचा विश्वास घेतात.

कातळशिल्प, सोमवार रात्री ८:००

ताई, त्या लाल खड्याच्या मुलीचं पुढे काय निघालं ते राहिलंच.

रेघोटी, सोमवार रात्री ९:३०

सांगते. मूळ लेखात लिहिलं नाही कारण तेव्हा रिपोर्ट यायचा होता.

डाव्या कानशिलाच्या आत, एमआरआयमध्ये छोटी वाटोळी गाठ दिसली. फीतकृमीच्या अळीची. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजी एकदम उसळून म्हणाल्या, "आमी माळकरी हाय, मटान शिवत न्हाई." त्यांना समजावलं की हा किडा डुकराच्या मांसातून पोटात जातो हे खरं, पण मेंदूत गाठ होते ती त्याची अंडी पोटात गेल्यामुळे, त्यातून निघालेली अळी मेंदूत पोचते. ज्याच्या पोटात किडा आहे त्याच्या विष्ठेतून ती मातीत, पाण्यात मिसळतात, तिथून न धुतलेल्या कोथिंबिरीवर, काकडीवर, हातावर येतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. आपल्या देशात फिट येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि अशी एकटी गाठ बहुतेकदा औषधानं विरून जाते.

म्हणून ते दोन ट्रेस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दोघींना आई-वडिलांकडून जे मिळालं ते पूर्ण सारखं होतं आणि ते कागदावर दिसत होतं, साडेदहाच्या सुंदर लहरींत. आजार आला तो एका अंड्यातून. ज्या काट्यांवरून सून मान खाली घालून उभी होती, ते कुणाच्याच अंगानं आलेले नव्हते. आजी मग काही बोलल्या नाहीत. जाताना सुनेच्या हातातली जड पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

मोगरा७२, सोमवार रात्री ११:५०

हे वाचून रडले, आणि आता लिहायचं धाडस होतंय. माझी लेक १६ वर्षांची. गेले आठ महिने सकाळी उठल्यावर हात झटकतात. चहाचा कप तीनदा उडाला. घरात सगळे म्हणाले धांदरट आहे. परीक्षेच्या आधी रात्रभर जागली आणि सकाळी मोठी फिट आली. माझ्या मावशीला फिट यायची, त्यामुळे सासरी लगेच ठरलं की माझ्याकडून आलं. सासूबाई म्हणतात बाहेर कुणाला कळू देऊ नका, लग्न होणार नाही. ईईजी काढला, तो नॉर्मल आला. आता डॉक्टरांनी परत, जागरण करवून, ईईजी सांगितलाय. बुधवारी आहे. नॉर्मल आला तर परत कशाला?

दवबिंदू, मंगळवार सकाळी ८:२०

ताई, तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही. पण सकाळचे झटके, जागरणानंतरची फिट आणि हे वय, हे ऐकून डॉक्टरांच्या मनात काय आहे ते मला कळतंय. किशोरवयात सुरू होणारा एक अपस्मार असाच असतो. पहिला ईईजी नॉर्मल येणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, ग्राफ नॉर्मल म्हणून अपस्मार नाही असं होत नाही. झोप मोडली की लपलेले काटे दिसायला लागतात.

वारशाबद्दल. या प्रकारच्या अपस्मारात जीनचा हात असतो, पण बहुतेकदा एका जीनचा नाही. २०२३ मध्ये जगभरच्या अपस्माराच्या २९,००० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात गुणसूत्रांवरच्या २६ जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम बारीकसा. तशा थोड्या तुमच्याकडे असतील, थोड्या तुमच्या यजमानांकडे. मावशीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. औषधानं बहुतेक मुली छान राहतात, शिकतात, लग्न करतात, त्यांना निरोगी मुलं होतात. एक मात्र नक्की करा. व्हॅल्प्रोएट हे औषध सुचवलं तर पुढच्या गरोदरपणाच्या दृष्टीनं डॉक्टरांशी आधीच बोला, त्याला पर्याय असतात.

पवनचक्की, मंगळवार सकाळी ११:००

मोगराताई, लग्नाचं म्हणाल तर, हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा अडथळा म्हणून पूर्वी होता, तो १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. लपवून केलेलं लग्न मुलीला औषधही लपवून घ्यायला लावतं. माझ्या मैत्रिणीनं दोन वर्षं गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या. सांगून करा.

मोगरा७२, मंगळवार दुपारी १२:१५

सगळ्यांचे आभार. रेघोटीताई, उद्या ९ ची वेळ आहे. मी काय करू ते सांगाल का? आधीच्या वेळी कुणी काहीच सांगितलं नव्हतं, ती तेल लावून गेली होती.

रेघोटी, मंगळवार दुपारी १:४०

सांगते. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आज संध्याकाळी शाम्पूनं केस धुवा. तेल, कंडिशनर, जेल काही नाही. तेल असलं की इलेक्ट्रोड घसरतात आणि अर्धा ग्राफ खोटा निघतो. केस पूर्ण वाळवून मोकळे ठेवा. रात्री साधारण एक-दोनपर्यंत जागवा, चारला उठवा, त्यानंतर झोपू देऊ नका. चहा-कॉफी नको. उपाशी आणू नका, पोहे-उपमा काहीही खाऊ द्या. गोळी चालू असेल तर नेहमीच्या वेळेला द्या, आपण होऊन टाळू नका. जागरणात फिट येऊ शकते, म्हणून तिला एकटी ठेवू नका आणि स्कूटीवर मागे बसवून आणू नका, रिक्षानं या. सकाळी हात झटकले तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो ग्राफइतकाच उपयोगी पडेल.

तिथे तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतील, चक्कर आल्यासारखं, बोटांना मुंग्या आल्यासारखं होईल, ते चालतं. डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतील. मग झोपू देतील. झोप लागताना आणि जाग येतानाच आम्हाला सगळ्यात जास्त कळतं. दुखत काही नाही, शॉक वगैरे काही देत नाहीत, हे तिला आधी सांगा. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं त्याच भीतीनं ताठ बसलेली असतात.

मोगरा७२, बुधवार पहाटे १:२५

केस धुतले. उपम्याचा रवा भाजून ठेवलाय. तिचे बाबाही जागे आहेत. तिघं मेंढीकोट खेळतोय, चौथा भिडू म्हणून आत्ता सासूबाई येऊन बसल्यात.